३२ जीबी रॅम असताना स्वॅप बंद करावा का?

तुमचा प्रश्न असा: लिनक्स आहे, रॅम ३२ जीबी, ती कधी अर्धीही भरत नाही, तरी स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममधला मजकूर हलवून ठेवायला डिस्कवर राखलेल्या जागेत, तीनचारशे एमबी गेलेले दिसतात. मग स्वॅप बंदच का करू नये?

नका करू. मी करून बसलोय.

दोनेक वर्षं काहीच बिघडलं नाही. मग एकदा दोन व्हर्च्युअल मशीन चालू, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब आणि त्यात एक मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला लावला. माउसचा बाण आधी अडखळला, मग जागीच थांबला. डिस्कचा दिवा मात्र विझायचं नाव घेईना. स्वॅपच नाही, तर डिस्कवर चाललंय तरी काय?

रॅममध्ये ढोबळमानाने दोन प्रकारची पेजेस, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, असतात. काहींची मूळ प्रत डिस्कवर असतेच: प्रोग्रॅमचा कोड, लायब्ररी, वाचलेल्या फाइली. बाकीची म्हणजे प्रोग्रॅमने चालता चालता मागून घेतलेली मेमरी. तिची प्रत कुठेच नसते. रॅम कमी पडली की कर्नल (लिनक्सचा गाभा) पहिली पेजेस बिनधास्त टाकतो, लागली तर पुन्हा वाचता येतात. दुसऱ्यांना बाहेर जायला स्वॅप हाच रस्ता. तो बुजवला की सकाळपासून कुणी हात न लावलेली पेजेस रॅममध्ये ठाण मांडून बसतात आणि त्यांच्यापायी चालत्या प्रोग्रॅमचा कोड बाहेर फेकला जातो. पुढच्याच क्षणी तो परत वाचावा लागतो. माझा दिवा त्यासाठी जळत होता! शेवटी ओओएम किलरने (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा भाग) ब्राउझर मारला तेव्हा मशीन शुद्धीवर आलं.

तुमचे तीनचारशे एमबी ही अशीच पडून असलेली पेजेस असणार. आत किती पडलंय यापेक्षा ये-जा किती चाललीय ते बघा. टर्मिनलमध्ये 'व्हीएमस्टॅट १' (vmstat 1) चालवा आणि 'एसआय' (si, स्वॅपमधून आत), 'एसओ' (so, स्वॅपमध्ये बाहेर) हे रकाने पाहा. तिथे शून्यच दिसत असेल तर मशीन हळू होण्याशी स्वॅपचा संबंध नाही. आकडे सारखे हलत असतील तर रॅम खरंच कमी पडतेय, आणि स्वॅप बंद केल्याने ती वाढणार नाही.

'बंद करा' हा सल्ला बऱ्याचदा सर्व्हरवाल्यांकडून येतो. अनेक सर्व्हरवर मिळून प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटीसचं क्युबलेट (प्रत्येक मशीनवर चालणारा त्याचा भाग) तर बरीच वर्षं स्वॅप चालू दिसला की सुरूच व्हायचं नाही. पण तिथे एक मशीन पडलं तर दुसरं काम उचलतं. तुमच्या टेबलावर दुसरं नाही.

एसएसडी झिजेल म्हणाल, तर पडून राहणारं पेज एकदाच लिहिलं जातं. रॅमच्या दुप्पट स्वॅपचा नियम रॅम एमबीत मोजायच्या काळातला. तुम्हाला ४ जीबी पुरे. हायबरनेट (रॅममधलं डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं) वापरत असाल तर मात्र रॅमएवढा ठेवा, कारण रॅममधलं सगळं तिथेच लिहिलं जातं. आणि वेगळं पार्टिशन करण्यापेक्षा स्वॅप फाइल करा, पुढे आकार बदलायला सोपी.