चार एडिटर, एकच फुटेज: कमी खर्चात सामायिक स्टोरेज कसं उभारावं?

तुमची अडचण मला कळली ती अशी: चौघं जण फोरके फुटेजवर काम करता, पोर्टेबल डिस्क एकाकडून दुसऱ्याकडे फिरते, आणि आता जुन्या पीसीचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारं सामायिक स्टोरेज) करावा की चार डिस्कचा तयार डबा घ्यावा, हे ठरत नाहीये. आम्हीही बरेच दिवस असंच चालवलं. डिस्कवर चिकटपट्टी लावून प्रोजेक्टचं नाव लिहायचं, आणि दोन दिवसांत ती पट्टी खोटी ठरायची.

डबा कोणता, हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी कागद घ्या आणि तुमचं फुटेज सेकंदाला किती डेटा मागतं ते लिहा. कॅमेऱ्याचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि डिस्कचा मेगाबाइटमध्ये, त्यामुळे आठने भागायचं. १०० मेगाबिटचं एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत, म्हणजे कोडेक) म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, किरकोळच. एडिटिंगसाठीच्या प्रोरेझ कोडेकमधलं अल्ट्रा एचडी ४२२ एचक्यू मात्र २५ फ्रेमला ७३७ मेगाबिट, म्हणजे जवळपास ९२ एमबी मागतं. साध्या गिगाबिट नेटवर्कमधून प्रत्यक्षात हाती लागतात ११० एमबीच्या आसपास. म्हणजे एचक्यूची एक क्लिप चालेल, पण तिच्यावर दुसरी ठेवून डिझॉल्व्ह टाकला की प्लेबॅक अडखळलाच. आणि हे एकट्या एडिटरचं झालं. नॅसला एकच गिगाबिट पोर्ट असेल तर तेच ११० एमबी चौघांत वाटले जाणार.

इथे एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिच्यापायी लोक उगाच खर्चात पडतात. अडखळणारी क्लिप मशीनच्या आतल्या एसएसडीवर कॉपी करून चालवा. तिथेही अडखळली, तर दोष स्टोरेजचा नाही. एच.२६४ आणि एच.२६५ आकाराने लहान, पण उलगडायला जड. दमतो तो प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड. कितीही महागडा नॅस आणला तरी हे दुखणं तसंच राहील.

दोन्ही अडचणींवर माझं पहिलं उत्तर एकच: प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची एडिटिंगपुरती हलकी प्रत. १०८० पिक्सेलची प्रोरेझ प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ मेगाबिट घेते, म्हणजे पाच एमबीपेक्षाही कमी. चौघांनी प्रत्येकी तीन-तीन थर लावले तरी गिगाबिटमध्ये निभावतं, आणि मशीनलाही ती हलकी जाते. मूळ फुटेज लागतं ते कलर आणि अंतिम एक्स्पोर्टला, आणि ते काम बहुतेक टीममध्ये एकाच मशीनवर होतं. मग जलद नेटवर्क त्या एका मशीनलाच द्या. बाकीच्यांना त्याची गरजच नसते. प्रॉक्सी बनवायला वेळ जातो हे खरं, म्हणून आम्ही त्या रात्री लावून ठेवतो.

नेटवर्कमध्ये मी केलेली चूक तुम्ही करू नका. नॅसला चार गिगाबिट पोर्ट होते, ते एकत्र बांधले की चौपट वेग मिळेल असं मी धरून चाललो. लिंक ॲग्रिगेशनमध्ये तसं होत नाही. एका मशीनची एक जोडणी एकाच तारेतून जाते, त्यामुळे तिला मिळतात ते पुन्हा ११० एमबीच. चार एडिटर चार तारांत वाटले जातीलच, याचीही खात्री नाही. आमच्याकडे दोघं एकाच तारेवर येऊन बसले आणि दोन तारा मोकळ्या राहिल्या. (एसएमबी, म्हणजे नेटवर्कवर फाइल वाटायची पद्धत, तिच्या मल्टिचॅनल सोयीने एका मशीनला खरोखर जास्त तारा वापरता येतात, पण त्यासाठी त्या मशीनलाही तितके पोर्ट हवेत.) स्विचवर ते सगळं जुळवण्यात गेलेला वेळ सरळ जलद पोर्टमध्ये घातला असता तर बरं झालं असतं.

आज मी हे करेन: एक-दोन दहा गिगाबिट पोर्ट आणि बाकीचे अडीच गिगाबिटचे, असा स्विच. नॅस आणि कलरचं मशीन दहावर, इतर सगळे अडीचवर. अडीच गिगाबिटमधून सेकंदाला २८० एमबीच्या जवळपास मिळतात, आणि ते कॅट ५ई केबलवर १०० मीटरपर्यंत चालतं, म्हणजे भिंतीतली वायरिंग उकरायला नको. दहा गिगाबिटला १०० मीटरसाठी कॅट ६ए लागते. खोलीतल्या खोलीत कॅट ६ पुरते. सर्व्हरमधून काढलेली वापरलेली दहा गिगाबिट कार्डं स्वस्तात मिळतात, फक्त तुमच्या ऑपरेटिंग सिस्टमला त्यांचा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. जंबो फ्रेमच्या, म्हणजे नेटवर्कवर डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवायच्या सेटिंगच्या, नादाला सुरुवातीलाच लागू नका: एका उपकरणात ते सेटिंग राहून गेलं की फाइल अर्ध्यात लटकते आणि कारण सापडता सापडत नाही. वायफायवर एडिटिंग करायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आता डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची एक हार्ड डिस्क सलग वाचताना २०० एमबीच्या आसपास देते, पण चौघं चार ठिकाणचं मागतात तेव्हा तिचं हेड इकडून तिकडे धावत राहतं आणि वेग कोसळतो. म्हणून दोन प्रचंड डिस्कपेक्षा चार-सहा मध्यम डिस्क बऱ्या. त्या रेडमध्ये जोडायच्या, म्हणजे एखादी बिघडली तरी डेटा वाचेल अशा मांडणीत. ८ टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर रेड ५ मध्ये २४ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये १६ टीबी, पण दोन गेल्या तरी डेटा शाबूत. एक डिस्क बदलल्यावर पुन्हा भरायला ८ टीबीला २०० एमबीच्या वेगाने सलग अकरा तास लागतात, आणि तुम्ही वर काम करत असाल तर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा वेळ रेड ५ मध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क टिकायलाच हव्यात. चार डिस्कपर्यंत मी रेड ५ आणि नीट बॅकअप यावर समाधान मानतो, सहा झाल्या की रेड ६. डिस्क सीएमआर प्रकारची घ्या. एसएमआर (हिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात) स्वस्त दिसते, पण रेड पुन्हा भरताना जीव काढते.

नॅसमध्ये कॅशेसाठी एसएसडी टाकण्यात आमच्यासारख्यांना फारसा अर्थ नाही. कॅशे उपयोगी पडते ती पुन्हा पुन्हा मागितल्या जाणाऱ्या डेटाला, आणि फुटेज तर पहिल्यांदा वाचताना हार्ड डिस्कवरूनच येणार. एसएसडी हाताशी असतीलच, तर चालू प्रोजेक्टसाठी त्यांचा वेगळा व्हॉल्यूम करा.

जुना पीसी की तयार डबा? पीसीचा नॅस करणारी ट्रूनॅस ही सिस्टम फुकट आहे, तिची झेडएफएस फाइल सिस्टम उत्तम आहे, १६ जीबी मेमरी आणि दहा गिगाबिट कार्डाला स्लॉट असला की जुना पीसी छान चालतो. प्रश्न आहे तो बिघडल्यावर कोण बसणार याचा. तुमच्यापैकी एकाला यात मनापासून रस असेल तरच पीसी करा, नाहीतर डिलिव्हरीच्या आदल्या रात्री एडिटरच सिस्टम ॲडमिन होऊन बसतो. डबा घेतलात तर त्याला दहा गिगाबिटचं कार्ड बसतं का, हे आधी पाहा. चार डिस्कच्या स्वस्त डब्यांत बऱ्याचदा ती सोयच नसते.

मीडिया कॅशे, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःसाठी बनवतं त्या तात्पुरत्या फाइल, प्रत्येकाच्या स्थानिक एसएसडीवर ठेवा, नॅसवर नको. एकच प्रोजेक्ट फाइल दोघांनी उघडायची नाही. प्रीमियर वापरत असाल तर प्रॉडक्शन्समध्ये प्रोजेक्टला कुलूप लागतं. रिझॉल्वला मोफत प्रोजेक्ट सर्व्हर आहे. विंडोजवर सगळ्यांकडे ड्राइव्हचं अक्षर एकच ठेवा, नाहीतर दर सकाळी रीलिंक करत, म्हणजे सापडत नसलेल्या क्लिप पुन्हा जोडत बसाल.

राहिला बॅकअप. आमच्या एका सहकाऱ्याने जागा करायला म्हणून एक फोल्डर पुसला, तो नेमका चुकीचा. रेडने आज्ञाधारकपणे तो सगळ्या डिस्कवरून एका दमात काढला. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट झालेली होती, एक तेवढं राहिलं होतं म्हणून निम्मं शूट वाचलं. तेव्हापासून मूळ फुटेजचा फोल्डर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरता उघडा असतो आणि दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची परत फिरता येईल अशी नोंद, निघतो. (स्नॅपशॉट चालू केल्यावर फाइल पुसूनही जागा मोकळी झालेली दिसणार नाही. बिघाड समजू नका, जुना स्नॅपशॉट ती धरून बसलेला असतो.) स्नॅपशॉट त्याच डब्यात राहतो, म्हणून वेगळी प्रत हवीच: कार्डावरचं फुटेज नॅसवर आणि एका सुट्या यूएसबी डिस्कवर, दोन्हीकडे तपासून उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि ती सुटी डिस्क दुसऱ्या जागी ठेवायची. प्रॉक्सीचा बॅकअप घेऊ नका, त्या पुन्हा बनवता येतात. प्रोजेक्ट फाइल मात्र रोज घ्या. त्या इतक्या लहान असतात की टाळायला काही कारणच उरत नाही.

कॅमेऱ्याचा कोडेक कोणता आणि एका वेळी खरोखर किती जण टाइमलाइनवर बसतात, एवढं कळवलंत तर तुमच्या आकड्यांवर हिशेब करून सांगतो.