वाचकांचे प्रश्न : मापनावर प्रश्न येतात तरी किती?

प्रश्न : माझा मुलगा तासगावात अकरावी विज्ञान शाखेत शिकत असून नीटची तयारी करतो. ‘मापनावर एखादाच प्रश्न पडतो, तो धडा शेवटी केला तरी चालतो,’ असे त्याला वरच्या वर्गातील मुलांनी सांगितले आहे. हे कितपत खरे आहे?
– एक पालक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : धड्याच्या नावाने मोजदाद केली, तर त्या मुलांचे म्हणणे चूक नाही. नीटच्या भौतिकशास्त्रातील 45 प्रश्नांत एकके, मिती (राशी वस्तुमान, लांबी, काळ अशा मूलभूत राशींत मांडण्याची रीत), सार्थ अंक (मोजमापातील अर्थपूर्ण अंक) किंवा त्रुटी यांवर थेट बेतलेला प्रश्न बहुधा एखाद-दुसराच असतो. पण क्लासमध्ये वाटले जाणारे ‘वेटेज’चे तक्ते फक्त शीर्षके मोजतात, आणि मापनाचे बरेच प्रश्न दुसऱ्याच धड्यांत मोडतात. प्लँकचा स्थिरांक आणि कोनीय संवेग यांची मिती एकच असते. यावरचा प्रश्न मापनात धरायचा की आधुनिक भौतिकीत, हे तक्ता करणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

तारेची रोधकता (तिच्या पदार्थाचा विजेला होणारा विरोध) काढण्याचा प्रयोग घ्या. एक मीटर लांबीची तार मिलिमीटरच्या पट्टीने मोजली, तर लांबीतील त्रुटी 0.1 टक्का येते. त्याच तारेचा 0.50 मिलिमीटर व्यास 0.01 मिलिमीटर लघुतम मापाच्या (त्याहून बारीक मोजता न येणाऱ्या) स्क्रू गेजने मोजला, तर त्रुटी 2 टक्के होते. शिवाय सूत्रात व्यासाचा वर्ग असल्याने रोधकतेत ती 4 टक्के होऊन उतरते. ‘कोणती राशी सर्वांत काळजीपूर्वक मोजावी?’ असा प्रश्न आला, तर तो दिसायला विद्युतधारेचा असला तरी त्याचे उत्तर मापनात आहे. त्यातच गेज बंद असताना वर्तुळाकार पट्टीचे शून्य संदर्भरेषेच्या तीन भाग खाली दिसत असेल, तर शून्य त्रुटी धन 0.03 मिलिमीटर असते आणि ती वाचनातून वजा करावी लागते. अनेक हुशार मुले नेमकी येथे बेरीज करून बसतात.

नीट आणि जेईई मेन या दोन्हींच्या अभ्यासक्रमांत प्रायोगिक कौशल्ये हा स्वतंत्र घटक असून, व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज आणि साधा लंबक त्यात येतात. बोर्डाच्या बारावीच्या परीक्षेत प्रात्यक्षिकाचे 30 गुण आहेत, ते वेगळेच. मितीच्या साहाय्याने चारपैकी एक-दोन पर्याय आकडेमोड न करता बाद करता येतात. मात्र लंबकाच्या सूत्रातील 2π सारखा निव्वळ संख्यात्मक गुणक मिती सांगू शकत नाही, याचे भान हवे. त्यामुळे हा धडा शेवटी नव्हे, आरंभीच करावा आणि पुढील प्रत्येक धड्यातील सूत्रांची मिती तपासण्याची सवय लावावी.

प्रश्न : कॅल्क्युलेटरवर आलेले सगळे दशांश उत्तरात लिहावेत का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 38 फुटांवर असल्याची नोंद मीटरमध्ये बदलली, तर 11.5824 हा आकडा मिळतो. परंतु मूळ वाचनात दोनच सार्थ अंक असल्याने उत्तर 12 मीटर असेच लिहावे लागते. पर्यायांत 11.6 आणि 12 शेजारी-शेजारी दिले असतील, तर परीक्षकाला सार्थ अंकच तपासायचे आहेत, असे समजावे. प्रश्नात ‘जवळच्या पूर्णांकात’ किंवा ‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ अशी स्पष्ट सूचना असेल, तर अर्थातच तीच पाळावी.