अमेरिकन काँग्रेसमधली पहिली स्त्री दोनच टर्म का टिकली?

तुम्ही विचारताय त्या जेनेट रँकिन. जन्म १८८० चा, मोंटाना राज्यातल्या मिझुला गावाजवळचा. दोन्ही वेळा त्यांना भोवलं ते युद्धाविरुद्ध दिलेलं मत. पण पहिल्या वेळी कारण तेवढंच नव्हतं.

मोंटानातल्या बायकांना १९१४ साली मतदानाचा हक्क मिळाला, त्या लढ्यात रँकिनबाई आघाडीवर होत्या. दोन वर्षांनी त्या रिपब्लिकन पक्षाकडून प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. २ एप्रिल १९१७ ला त्या सभागृहात आल्या आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. ६ एप्रिलच्या पहाटे मतदान झालं. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, मला देशाच्या पाठीशी उभं राहायचंय, पण युद्धाला मत देता येणार नाही. निकाल ३७३ विरुद्ध ५०. विरोधात गेलेल्या पन्नासांत ४९ पुरुष होते, तरी बोल लागला तो बाईमाणसाच्या हळवेपणाला. हे मला आजही डाचतं.

त्याच जूनमध्ये मोंटानातल्याच ब्यूट इथल्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार गेले. संपावर उतरलेल्या खाणकामगारांची बाजू रँकिनबाईंनी उघडपणे घेतली आणि राज्यातल्या बलाढ्य ॲनाकोंडा खाण कंपनीशी वैर ओढवून घेतलं. तोवर अख्खं मोंटाना मिळून दोन प्रतिनिधी निवडत असे; आता राज्याचे दोन मतदारसंघ पाडले गेले आणि त्यांच्या वाट्याचा भाग डेमोक्रॅट्सचा निघाला. म्हणून १९१८ मध्ये त्या सिनेटसाठी लढल्या, पण हरल्या. जाण्याआधी, जानेवारी १९१८ मध्ये, स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा सभागृहात त्यांनीच सुरू केली होती.

१९४० साली त्या पुन्हा निवडून आल्या. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर या अमेरिकन नाविक तळावर जपानने हल्ला केला; दुसऱ्याच दिवशी जपानविरुद्धच्या युद्धावर मतदान झालं, ३८८ विरुद्ध १. तो एक त्यांचा. बाहेर जमाव इतका चिडला होता की त्यांना टेलिफोन बूथमध्ये आसरा घ्यावा लागला. मी त्या जागी असतो तर होकार दिला असता. पण त्यांचा नकार मला भ्याडपणाचा कधीच वाटला नाही. १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

पुढे गांधीजींच्या अहिंसेच्या ओढीने त्या सात वेळा भारतात आल्या. आणि जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये हजारो बायकांच्या मोर्चात पुढे चालत होत्या.