कोल्हापूर चॅप्टरची प्रमुख पंचविशीतली मुलगी आहे. तिच्या कामावर विश्वास ठेवावा का?

तुम्ही नोकरीनिमित्त नुकतेच कोल्हापुरात आला आहात. धोरणविषयक काम करणाऱ्या एका युवा संघटनेनं तुम्हाला इथल्या चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, बोलावलंय. हे लोक नेमकं करतात काय आणि त्या चॅप्टर लीडची पारख कशी करायची, असा तुमचा प्रश्न आहे. तुमच्या त्या संघटनेशी माझा संबंध नाही. पण माझी निम्मी नोकरी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर गेली, त्यामुळं निवेदन घेऊन येणारी माणसं भरपूर बघितली आहेत. त्या जोरावर सांगतो: तिचं भाषण ऐकू नका, तिची मागणी किती छोटी आहे ते बघा.

‘कोल्हापूर पूरमुक्त झालंच पाहिजे’ ही घोषणा झाली. असला कागद आला की आम्ही शिक्का मारायचो, आवक क्रमांक टाकायचो आणि मग डोकं खाजवायचो, की आता हा द्यायचा कुणाला? पाटबंधारेला, महापालिकेला की जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाला? जो कागद सगळ्यांचा असतो तो कुणाचाच नसतो. फिरून फिरून शेवटी दप्तरी दाखल. निवेदन देतानाचा फोटो मात्र दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि सगळे खूश.

आमच्या पेठेत एका वेगळ्या संघटनेची चॅप्टर लीड आहे, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. तिला विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. टिपणी कशी वर जाते, शेरा कोण मारतं, हे विचारायला ती माझ्याकडं यायला लागली तशी ओळख झाली. काका, काका करत दीड-दोन तास डोकं खाते, पण खायला देण्यासारखं डोकं आपल्याकडं आहे याचा आनंदही होतो.

तिनं हातात घेतला तो पुराचाच विषय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये 56 च्या. पावसाळ्यात इथं लोक एकमेकांना ‘पाणी किती फुटांवर?’ असंच विचारतात, तुम्हालाही सवय होईल. संघटनेच्या मुख्य कार्यालयाकडून तिला हवामानबदलावर कार्यशाळा घ्यायचा तयार साचा आला होता. तिनं तो बाजूला ठेवला आणि नदीकडच्या गल्ल्यांतून फिरली. तिथं भाडेकरू बायका एकच रड सांगत होत्या. सामान आमचं भिजतं, पण पंचनाम्याच्या वेळी कागद विचारतात. घरपट्टी मालकाच्या नावावर, लाईटबिलही मालकाच्या नावावर, आणि भाडेकरार कधी केलेलाच नाही. मग आम्ही इथं राहत होतो हे दाखवायचं कशावरून?

यावर दुसऱ्या कुणी मोर्चा काढला असता. हिनं बायकांना विचारलं, पूर आल्यावर तुम्ही गेलात कुठं? शाळेत, निवारा केंद्रात. तिथं नाव लिहून घेतलं का? हो, नाव, माणसं किती, कुठल्या गल्लीतून आलात, सगळं वहीत घेतलं. झालं. तिची मागणी एवढीच: निवारा केंद्राची ही नोंदवही भाडेकरूच्या राहण्याचा पुरावा म्हणून धरावी. अर्धं पान निवेदन. नवा पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही, वही तर सरकारचीच. आवक टेबलावर बसलेल्या माणसाला हा कागद कुणाकडं पाठवायचा ते एका वाचनात कळतं.

मंजूर झाली का? अजून नाही. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर आलं, आणि याचा अर्थ मी तिला समजावून सांगितला. ती हसली आणि त्या नोंदवह्या किती वर्षं जपून ठेवतात याचा माहिती अधिकारात अर्ज टाकून आली.

तिची फाईल एकदा बघण्यासारखी आहे. साधं बटणाचं प्लास्टिक फोल्डर. एका खणात शासन निर्णयांच्या झेरॉक्स, दुसऱ्यात नुसत्या पोचा. प्रत्येक पोचेच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: कुणी घेतली, काय म्हणाले, पुढं कुठल्या टेबलाला जाणार. एकीच्या मागं मी वाचलं, ‘साहेब दौऱ्यावर. गुरुवारी या म्हणाले. पाणी दिलं.’ पाणी दिल्याची नोंद ठेवणारी पोरगी कार्यालयात भांडायला जात नसते.

तुमच्या चॅप्टर लीडला भेटलात की बोलता बोलता लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतात त्या दिवसाचा, विषय काढा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो, पण तिथं वैयक्तिक तक्रार चालते, सार्वजनिक धोरणाची मागणी चालत नाही. नवखी मुलं हमखास तिथं निवेदन घेऊन जातात आणि परत येतात. हे तिला ठाऊक असेल तर ती कुठल्या तरी जिन्यावर ताटकळलेली आहे असं समजा. माहिती अधिकाराचंही तसंच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की अर्ज होतो आणि 30 दिवसांत उत्तर यावं लागतं, एवढं सगळेच सांगतात. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, हे ज्याचा अर्ज एकदा परत आलाय तोच सांगतो.

आता कोल्हापूरची गंमत अशी की आपल्याला रस्त्यावरची लढाई कळते. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागं अख्खं शहर उतरलं होतं, आणि टोल गेला. त्याचा अभिमान मलाही आहे. त्यामुळं कागद घेऊन फिरणाऱ्या पोरांना इथं ‘ह्यांच्यानं काय होतंय’ असंच ऐकावं लागतं. भाषणात शाहू महाराजांचं नाव सगळेच घेतात. पण 26 जुलै 1902 चा आदेश कधी वाचून बघा. यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गीयांतून भरा, आणि या आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचं पत्रक सर्व खातेप्रमुखांनी दर तिमाहीला पाठवा. ते तिमाही पत्रक मला फार आवडतं. हुकूम सोडून महाराज मोकळे झाले नाहीत, हिशेबही मागितला.

राजकारणाबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं नाही, पण शंका दिसते. ही पुढं नगरसेवकपदाला उभी राहणार म्हणून सगळं चाललंय, असं इथं कोणत्याही धडपडणाऱ्या पोराबद्दल बोलतात. राहू दे की उभी! नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. गटारीची तक्रार घेऊन जायला आपला म्हणावा असा नगरसेवक नव्हता. त्या काळात कार्यालयांचे उंबरे झिजवून शिकलेलं कुणी सभागृहात गेलं तर बिघडलं काय? कुठल्या पक्षाच्या पैशावर चॅप्टर चालतोय का, एवढं मात्र तोंडावर विचारा. चॅप्टर सहसा स्वतंत्र नोंदणीकृत नसतो, नोंदणी मूळ संघटनेची असते. म्हणून वर्गणी मागितली तर मूळ संघटनेच्या नावाची पावती आणि नोंदणी क्रमांक मागा. चांगली कार्यकर्ती रागावत नाही, पावतीपुस्तक काढते. रोख द्या, पावती नंतर बघू, असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन घरी या.

आणखी एक विचारा: तुमची कुठली मागणी फेटाळली गेली आणि कशामुळं? कारण सांगता आलं, समोरच्या अधिकाऱ्याची अडचणही सांगता आली, तर तिच्यासोबत काम करायला हरकत नाही. ‘सगळे भ्रष्ट आहेत काका’ एवढंच उत्तर आलं तर अजून थोडं थांबा, वय लहान आहे, शिकेल.

जायचं ठरवलंत तर लगेच पैसे देऊ नका, वेळ द्या. सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवारी तुम्ही मोकळे आणि साहेबही घरी. तुमच्या नोकरीत मधल्या वारी सुट्टी मिळत नसेल तर माहिती अधिकारात आलेले कागद वाचून त्याचं एका पानात टिपण करायचं काम मागून घ्या. ते कुणालाच करायचं नसतं. आमच्या पोरीकडं त्याचा ढीग पडलाय, तुमच्या चॅप्टर लीडकडंही असणारच.