शाळेतील मुलांना ग्रहण दाखवताना : आधी कवडसा, मग चष्मा

पाचवी ते सातवीच्या ऐंशी मुलांना खंडग्रास सूर्यग्रहण दाखवायचे आहे, ग्रहणचष्मे वीसच आहेत, तर उरलेल्या मुलांना जुन्या एक्स-रे फिल्ममधून पाहू द्यावे का, असे आपण विचारले आहे. फिल्म मुळीच वापरू नये. काजळी धरलेली काच, साधे गॉगल आणि पाण्यातले सूर्याचे प्रतिबिंब यांनाही तितक्याच ठामपणे नकार द्यावा. या वस्तूंमुळे सूर्य डोळ्यांना सुसह्य वाटतो, पण न दिसणारी अवरक्त किरणे आत येतच राहतात, आणि काळोखी काचेमागे बाहुली विस्फारलेली असल्याने दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, अधिकच प्रकाश पडतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा होत असताना मूल तक्रार करत नाही आणि दृष्टीतला दोष काही तासांनी लक्षात येतो. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे. म्हणजे ९९ टक्के बिंब झाकले गेले तरी उरलेली कोर चंद्राच्या हजारो पट प्रखर असते.

माझा आग्रह असा की, कार्यक्रमाचा मुख्य भाग सूर्याकडे पाठ करून व्हावा आणि चष्मे ही त्याची पुरवणी असावी. जाड पुठ्ठ्याला १ ते २ मिलिमीटरचे छिद्र पाडून २ मीटर अंतरावर सावलीत पांढरा कागद धरला, तर सुमारे १८ मिलिमीटरचे सूर्यबिंब उमटते, कारण प्रतिमेचा व्यास अंतराच्या साधारण १०९व्या भागाइतका असतो. ग्रहणाच्या आदल्या दिवशी मुलांना चौकोनी आणि त्रिकोणी छिद्रे पाडायला सांगावे. कागद पुरेसा दूर धरला की दोन्हींचा कवडसा गोलच पडतो, आणि तो छिद्राचा आकार नसून सूर्याचे चित्र आहे हे त्यांना न सांगता उमगते. मग ग्रहणाच्या वेळी झाडाखालच्या प्रत्येक कवडशाची कोर झालेली पाहून त्यांना होणारा आनंद वेगळाच असतो. स्वयंपाकघरातली चाळणीही चालते.

वर्गभर मुलांसाठी मात्र आरसा सर्वांत चांगला. लहान आरशावर सुमारे १ सेंटिमीटरचे छिद्र असलेला कागद चिकटवावा, तो बाहेर उन्हात पक्का बसवावा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर टाकावा. आरसा भिंतीपासून २० मीटरवर असेल, तर बिंब सुमारे १८ सेंटिमीटरचे दिसते, आणि दर दहा मिनिटांनी मुले त्याची कडा कागदावर गिरवू शकतात. आरशाजवळ एक शिक्षक सतत उभा असावा. कोणीही आरशात डोकावू नये.

चष्म्यांवर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले असावे, पण केवळ छापावर विसंबू नये. खात्रीच्या विक्रेत्याकडूनच ते घ्यावेत. चष्मा लावून घरातल्या वस्तू दिसत असतील किंवा फिल्मवर ओरखडा, छिद्र अथवा सुरकुती असेल, तर तो बाद करावा. खंडग्रास ग्रहण बहुधा दोन तासांच्या आसपास चालते, त्यामुळे वीस-वीस मुलांच्या चार तुकड्यांना प्रत्येकी अनेक वेळा संधी मिळते. मान खाली असताना चष्मा लावायचा, मग वर पाहायचे, आणि मान पुन्हा खाली आल्यावरच तो काढायचा, ही सवय आदल्या दिवशी करून घ्यावी. नंबरचा चष्मा असलेल्या मुलांनी ग्रहणचष्मा त्यावरून लावावा. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून पाहू देऊ नये, कारण एकवटलेल्या प्रकाशाने फिल्म जळते. दुर्बिणीचे सौर गाळणे नेहमी पुढच्या भिंगावर असावे लागते. मोबाईलने छायाचित्र काढताना मुलांची नजर पडद्यावरून थेट सूर्याकडे जाते, म्हणून मोबाईल बाजूलाच ठेवावेत.

उघड्या डोळ्यांनी पाहता येते ते केवळ खग्रास स्थितीत, म्हणजे सूर्यबिंब पूर्ण झाकलेले असताना, आणि तेही खग्रास ग्रहण दिसणाऱ्या पट्ट्यात उभे असतानाच. कंकणाकृती ग्रहणात, म्हणजे चंद्राभोवती सूर्याचे कडे उरते तेव्हा, ती सवलत कधीच नसते.

मुलांना वर्गात कोंडून ठेवावे असेही कोणी सुचवेल. पण कारण न सांगता बंदी घातली की मुले खिडकीतून चोरून पाहतात, आणि तसे पाहणे विनाचष्म्याचे असते. पालकांना आधीच लेखी कळवावे की, ग्रहणानंतर दोन दिवसांत मुलाने नजरेच्या मध्यावर डाग दिसत असल्याची, सरळ रेषा वाकड्या दिसत असल्याची किंवा अंधूक दिसत असल्याची तक्रार केली, तर कोणताही घरगुती उपाय न करता त्याला त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.