आजोबांची वाडी हाती घेतोस म्हणून

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. माड, पोफळी, हापूस, रातांबे (कोकम), जायफळ, मिरी आणि परसात भाजी. यादी चांगली आहे, फक्त तिच्यात एक रकाना वाढव. प्रत्येक झाडापुढे लिही, ते धरेल तेव्हा तू किती वर्षांचा असशील आणि त्याची उंची वाढेल तेव्हा किती. तू तिशीत आहेस, मी सत्तरी ओलांडली आहे. वाडी दोघांनाही करायची आहे. पण तुला आज जे सोपं आहे, ते पुढे कुणाला तरी बोलावून करून घ्यावं लागणार आहे, आणि हे झाड लावतानाच ठरवायचं असतं.

माडाचंच बघ. आपला उंच वाढणारा बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो आणि नीट राखला तर तुझ्या नातवंडांपर्यंत टिकतो. तो लाव, पण वाडीच्या कडेने, साडेसात मीटरवर, मीटरभर लांब-रुंद-खोल खड्ड्यात. घराजवळ मात्र दोन-तीन ठेंगू जातीचे माड असू देत. त्यांचं आयुष्य कमी, पण ते लवकर धरतात आणि कितीतरी वर्षं जमिनीवर उभं राहून शहाळं काढता येतं. माडावर चढणारी माणसं आता वाडीवाडीत उरलेली नाहीत. रोजच्या आमटीतला नारळ दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

हापूसचंही तसंच. आजोबांच्या काळी दहा-दहा मीटरवर कलमं लावली आणि ती आभाळाला भिडू दिली. आता घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन वर जायला माणूस मिळत नाही. तू पाच मीटरवर लाव आणि पहिल्यापासून छाटणीत ठेव. छाटायला हात कचरतो, मला माहीत आहे. तरी छाट.

रातांब्याची रोपं बी टाकून करू नकोस. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. तुला तेवढा वेळ आहे, पण वाया घालवायला कुणालाच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ जातीची कलमं आण. तिची बरीचशी फळं पावसाआधी तयार होतात, म्हणजे सोलं, फळांची सालं, वाळवायला ऊन मिळतं. दहा-बारा कलमांमागे एखादं नर झाड मात्र राहू दे, नाहीतर फळ धरणार नाही.

आता ज्याच्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला बसले ते. तू विचारलंस, या वयात नवी झाडं लावावीशी कशी वाटतात?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडापर्यंत वाड्या आडव्या झाल्या, त्यात आमचीही. आंबा मोडला तर बुंध्यातून फुटतो. माडाला आणि पोफळीला एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेलं. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी दुपारभरात संपल्या. नव्या पोफळीला सुपारी लागायला सहा-सात वर्षं. फळ आपल्या हातात पडेल का, हा विचार त्या पावसात माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या मनात आला. तो येऊ नये असं मी म्हणणार नाही. येतोच, आणि त्याच्यासकट खड्डे मारायला लागतात.

तेव्हा उपयोगी पडली ती वाडीची जुनी रीत. पोफळीच्या रोपांना सावली लागते म्हणून आधी केळी लावायच्या. केळीने वर्षा-सव्वा वर्षात घड दिला. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, तवसं आली. दिवाळीनंतर मुळा, माठ, वाल. रोज परडी भरायची आणि त्याच्याच शेजारी पोफळीचं रोप वर्षाला चार पानं टाकत उभं असायचं. उशिरा येणाऱ्याच्या शेजारी लवकर येणारं लावलं की वाट बघणं अंगावर येत नाही. माझ्या वयाला याचा फार आधार आहे. तुझ्या वयालाही लागेल, कारण पहिली पाच वर्षं वाडी तुला खर्चच दाखवणार आहे.

पाण्याचं नीट ऐक. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिलात विहिरी तळाला जातात. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी थांबत नाही. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला चाळीसेक लिटर लागतं. म्हणून पातेरा, गळलेला पाला, जाळू नकोस, आळ्यात पसर, आणि नारळाची सोडणं चुलीत घालण्याऐवजी आळ्यात पुर. ती ओल धरून ठेवतात.

तुझी आजी वाडीत आली की तिच्या हातातला कोयता काढून घेऊ नकोस. तिला उंबरठ्यावर बसवून ठेवण्यापेक्षा बी राखायचं काम दे. पडवळ कुठलं वेलावर पिकू द्यायचं, बी राखेत घोळवून कसं बांधायचं, हे तिला येतं आणि तुला येत नाही. गुडघे गेले तरी नजर राहते. माडाची नवी झावळ त्रिकोणी कापल्यासारखी दिसली की गेंड्या भुंगा लागला, हे ती अंगणातून सांगेल. तो शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, तेव्हा खड्डा उपसताना त्याच्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर तिथेच वेचून मार. आणि संध्याकाळी तिच्याबरोबर एक फेरी मार. पावसात पाणी कुठून शिरतं, कुठल्या दगडी गडग्यापाशी तुंबतं, जुना पाट कुठे बुजलाय, हे कागदावर कुठेही नाही. विचारायचं ते यंदाच विचारून घे.

विहिरीचा गाळ पाणी तळाला गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढतात. तेव्हा सगळी माणसं आंब्यात गुंतलेली असतात, म्हणून शिमग्यालाच बोलून ठेव. खड्डे मेमध्ये खणून तापू देत. मृग लागून चार चांगले पाऊस झाले की रोपं लाव. दापोलीला कलमं आणायला जाशील तेव्हा आधी कळव. मलाही रातांब्याची दोन हवी आहेत, मागच्या गडग्यापाशी जागा साफ करून घेतली आहे.

तुझी,
काकी