शिराझसारखी दमदार रेड वाइन कशी चाखावी आणि सावजी मटणासोबत ती जमते का?

चाखण्याआधी तापमान पाहावे. अशी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ती नुसती झोंबते, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवून साधारण १६ ते १८ अंशांवर आणावी. पेला एक तृतीयांशच भरून हलके फिरवावा, वास घ्यावा आणि लहान घोट क्षणभर तोंडात खेळवावा. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळते तसा जो तुरटपणा जाणवतो तो वाइनमधल्या टॅनिन या घटकाचा. मांसातील प्रथिने टॅनिनला बांधून घेतात, त्यामुळे मटणासोबत हीच वाइन मऊ लागते.

मात्र झणझणीत सावजी रस्सा, तोही तर्रीसकट, तिच्यासोबत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मिरचीची आग अल्कोहोलने आणखी भडकते, टॅनिन कडवट लागते आणि एवढ्या पैशांची वाइन व मटण दोन्ही वाया जातात. त्याऐवजी मीठ-मिरे लावून भाजलेले मटण किंवा तव्यावरची कलेजी घ्यावी. शाकाहारी मंडळींनी चुलीत भाजलेल्या वांग्याचे कमी तिखट भरीत घ्यावे; त्याचा धुरकट वास शिराझच्या मिरपुडीसारख्या गंधाशी छान जुळतो. रस्साच हवा असेल तर थंड, किंचित गोड चेनिन ब्लांक ही पांढरी वाइन बरी.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, हे अर्थातच लक्षात असू द्यावे.